‘फी’ला दादा म्हणू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘सोटस’ ही थाई सिरीज बघून झाली, आता ‘बॅड बडी’ लावायची आहे. बाकीचे फॅन सारखे म्हणतात, “अगं, इथे तो ‘फोम’ म्हणाला आणि मी उशीत तोंड खुपसलं!” सबटायटलमध्ये मात्र त्याआधीही ‘आय’ होतं आणि त्यानंतरही ‘आय’च. म्हणजे सबटायटल चुकीचं आहे का? थाई शिकावी लागेल का? शिवाय ते ‘बायको’ प्रकरण खटकलं, ते वेगळंच.

मी सबटायटलांचं काम करते. पोटापाण्यासाठी हिंदी, आणि दोन मैत्रिणींबरोबर हौसेनं मराठी. थाई कानाला बऱ्यापैकी कळते, वाचताना अजून अक्षरांखाली बोट लागतं. तेव्हा हे उत्तर कुणा भाषापंडिताचं नाही, रोज याच भिंतीवर डोकं आपटणाऱ्या बाईचं आहे असं समजा.

थाई येत नाही ही तुमची अडचण नाहीच मुळी. तुम्ही थाई माणसांचं बोलणं इंग्रजी वाचून समजून घेताय, ही अडचण आहे. इंग्रजीत पंतप्रधानांपासून मांजरापर्यंत सगळ्यांना एकच ‘यू’. थाईत ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यासाठी रोजच्या वापरातलेच डझनभर शब्द आहेत, आणि बीएल (‘बॉइज लव्ह’, दोन पुरुषांच्या प्रेमाच्या) सिरीजमध्ये निम्मी गोष्ट त्या शब्दांच्या अदलाबदलीतच घडते. आता गंमत बघा, हे आपल्याला शिकवावं लागू नये. शेजारच्या काकू एके दिवशी सुनेला “राहू द्या, तुम्ही बसा, मी करते” म्हणाल्या की अख्ख्या मजल्याला कळतं, काल रात्री घरात काहीतरी झालंय. हा कान तुमच्याकडे आहेच. थाई सिरीज लावली की तुम्ही तो काढून ठेवता आणि खालची पट्टी वाचत बसता, एवढंच.

म्हणून आधी पाचसात शब्द ओळखायला शिका. पहिली जोडी ‘कू’ आणि ‘मुंग’ (ओठ गोल न करता म्हणायचं, पण ऐकताना मुंगच वाटतं). कू म्हणजे मी, मुंग म्हणजे तू. अनोळखी माणसाला वापरलं तर शिवीच्या जवळ जातं, जिगरी दोस्तांत मात्र दुसरं काही वापरलं तरच विचित्र वाटतं. ‘कू’ हा शब्द मुळात हलका नव्हता. सुखोथाईच्या राम खामहेंग राजाचा इ. स. १२९२ चा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख “माझ्या बापाचं नाव श्री इंद्रादित्य” अशा वाक्यानं सुरू होतो, आणि त्यातला ‘माझ्या’ हा ‘कू’च आहे. राजा स्वतःला कू म्हणतो. आपणही विठोबाला आणि आईला ‘तू’च म्हणतो की.

‘टूगेदर’मधले (२०२०) टाइन आणि सारावत एकाच वर्षाला शिकणारे, ‘बॅड बडी’तले पॅट आणि प्रान लहानपणापासूनचे शेजारी. त्यांच्या तोंडी कू-मुंग ऐकून “किती उर्मट बोलतात” असं वाटून घेऊ नका. (सारावत हा शब्द थाईत पोलीस इन्स्पेक्टरला वापरतात. आपल्याकडे मुलाचं नाव फौजदार ठेवावं, तसं.)

दुसरी जोडी ‘फोम’ आणि ‘खुन’. फोम म्हणजे पुरुषानं सभ्यपणे म्हटलेलं ‘मी’. त्यातला फ ‘फळ’मधला, ‘फॅन’मधला नाही. इंग्रजी अक्षरांत हे शब्द वाचणारे फॅन हमखास चुकतात. आपल्याला क आणि ख, प आणि फ वेगळे ऐकू येतात, त्याचा इथे फुकटात फायदा होतो. खुन म्हणजे अदबीचं तुम्ही. आणि वाक्याच्या शेवटी पुरुष जोडतात तो ‘ख्रप’, जो भरभर बोलताना नुसता ‘खप’ ऐकू येतो. त्याला अर्थ असा नाही, नुसती अदब आहे.

मग ते ‘फोम म्हणाला आणि मी गेले’ काय असतं? कू-मुंग करणारा मुलगा एका क्षणी आवाज खाली आणून ‘फोम’ म्हणतो, शेवटी ‘ख्रप’ लावतो. आपल्या कानाला हे उलटं वाटतं, कारण आपल्याकडे जवळच्या माणसानं ‘तू’वरून ‘तुम्ही’वर उडी मारली की भांडण समजायचं. थाईत तसंही होऊ शकतं. रागावलेला मित्र मुद्दाम खुन म्हणून अंतर दाखवतो. पण लाडात येऊन, हार मानून, काहीतरी मागतानाही माणूस सभ्य शब्दांकडे वळतो. यातलं नेमकं काय चाललंय ते प्रसंगावर, आवाजावर आणि त्या दोघांमध्ये आधी काय ठरलेलं होतं त्यावर अवलंबून. ‘फोम म्हणजे प्रेम’ असा कोष्टकवजा नियम कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. शब्द बदलला, एवढंच आधी टिपायचं. का बदलला ते पुढचा सीन सांगतो.

आता ‘फी’. फी म्हणजे मोठा भाऊ किंवा मोठी बहीण, आणि ‘नाँग’ म्हणजे धाकटं भावंड. पण कॉलेजातला सीनियर फी, ऑफिसातली वरिष्ठ फी, रिक्षावाला फी, आणि वयानं मोठा प्रियकरही फी. नवऱ्याला फी म्हणणाऱ्या बायकाही असतात.

इथे माझी फजिती सांगते. मराठीत हात घातला ती पहिलीच सिरीज, आणि मी प्रत्येक ‘फी’ला बेधडक ‘दादा’ लिहून मोकळी झाले. पाच एपिसोड काही बिघडलं नाही. रॅगिंग होतं, कॅन्टीन होतं, “दादा, वही देता का” छान चाललं होतं. सहाव्या एपिसोडमध्ये पाऊस पडला, ते दोघं बसस्टॉपवर उभे राहिले, आणि धाकट्यानं मोठ्याचा हात धरून जे म्हटलं त्याखाली माझं सबटायटल आलं: “दादा, मला तू आवडतोस.” मैत्रिणीनं व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, “राखी कुठाय?” पाचही एपिसोड पुन्हा उघडावे लागले.

तेव्हापासून मी फी तसाच ठेवते. जगभरचे फॅन इंग्रजीत ‘पी’ आणि वर एक अपॉस्ट्रॉफी देऊन तो ठेवतातच. फक्त कॉलेजच्या सीनियर-ज्युनियर प्रसंगात, आणि प्रेक्षक नवखा असेल तर, ‘सर’ चालवून घेते, कारण आपल्या मेडिकल कॉलेजांत ज्युनियर पोरं दोन वर्षांनी मोठ्या सीनियरला ‘सर’च म्हणतात. तेही पूर्ण बसत नाही. सरच्या प्रेमात पडता येतं, पण सरला लाडानं सर म्हणत राहता येत नाही.

खरं तर दादाचा हा पेच आपल्याकडेही आहे, आपण तो वेगळ्या वाटेनं सोडवतो. माझ्या मावशीचं लग्न तिच्या आतेभावाशी झालं. लहानपणापासून ती त्याला दादा म्हणायची. सुपारी फुटली त्या दिवसापासून दादा बंद. ‘अहो’ म्हणायला लग्न व्हायचं होतं, नावानं हाक मारायची सोय नव्हती. तेव्हा दीड महिना ती त्याला काहीच म्हणाली नाही. पाण्याचा तांब्या समोर ठेवायची आणि बांगड्या वाजवायची.

हे मी उगाच सांगत नाही. थाईत हेच होतं आणि ते सबटायटलमध्ये हमखास मरतं. थाई वाक्यात कर्ता, कर्म दोन्ही गाळता येतात. प्रेमाची कबुली कैकदा नुसती ‘छोप ना’ इतकीच असते. ‘छोप’ म्हणजे आवडणं, ‘ना’ म्हणजे आपलं ‘हं’ किंवा ‘ना’. कोण, कुणाला, काही नाही. कू म्हणावं तर फार दोस्तीचं, फोम म्हणावं तर एकदम अंगावर येणारं, म्हणून मुलगा सर्वनामच गिळतो. जुनं नातं संपलंय, नवीन अजून सुरू झालेलं नाही, मधला तो बांगड्या वाजवण्याचा काळ. इंग्रजीला ‘आय लाइक यू’ लिहावंच लागतं, वाक्य पुरं करायचं तर त्या भाषेला इलाज नाही. मराठीत मी “आवडतोस” लिहिते. एक शब्द, मी नाही, तू नाही, तरी सगळं आलं. मराठी सबटायटलं करताना जे थोडे आनंदाचे क्षण येतात, त्यातला हा.

पण हीच मराठी दुसरीकडे गळ्यात धोंडा होते. थाईत ‘तो’ आणि ‘ती’साठी एकच ‘खाव’ आहे. ‘फॅन’ हा इंग्रजीतून आलेला शब्द प्रियकर-प्रेयसी दोघांनाही चालतो. त्यामुळे पात्र आईसमोर किंवा मित्रांसमोर “आवडणारं माणूस आहे” असं म्हणून मोकळं होतं आणि ताकास तूर लागू देत नाही. बीएलमध्ये हा लपंडाव म्हणजे हुकमी पत्ता. आता मराठीत लिहा: “मला एक जण आवड...” आणि अडला गाडा! आवडतो की आवडते? क्रियापदानंच चहाडी केली. मी “माझ्या मनात कुणीतरी आहे” यावर येऊन थांबले, कारण ‘कुणीतरी’ला लिंग नाही. इंग्रजीत हे ‘समवन’नं निभावतं, पण पुढच्याच वाक्यात खावच्या जागी ‘ही’ टाकून घाईतला अनुवादक मांजर पिशवीतून बाहेर काढून ठेवतो. पडद्यावरच्या आईला तीन एपिसोडनंतर कळणार असतं, तुम्हाला आधीच कळलेलं असतं.

एक गोड शब्द राहिला, ‘राव’. थाईत ‘राव’ म्हणजे आम्ही-आपण, पण मी म्हणूनही वापरतात, साधारण बरोबरीच्या माणसांत, फार उद्धटही नाही आणि फार औपचारिकही नाही. मुंबईचा माणूस “आपल्याला नाय जमत” म्हणतो ना, तेच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, पोरगा “काय राव” म्हणतोय.

आणि मोठा माणूस स्वतःलाच फी म्हणतो तेव्हा गोंधळू नका. “फी देतो” म्हणजे “मी देतो”. आपली आई नाही का म्हणत, “आई भरवते हं”. स्वतःच्या टोपणनावानंच बोलणारी पात्रंही असतात, ते लाडिक किंवा बालिश वाटतं.

तर सबटायटल चुकीचं आहे का? बहुतेक वेळा चुकीचं नसतं, अपुरं असतं, आणि कुठून आलंय त्यावर बरंच ठरतं. आमच्या धंद्यात ओळीला साधारण ४२ अक्षरं, ओळी दोनच, आणि एक सबटायटल जास्तीत जास्त ७ सेकंद. त्यात ‘(इथे त्याने सभ्य सर्वनाम वापरलं)’ असली तळटीप घुसवायला जागा नाही. दर आठवड्याला येणारी सिरीज असेल तर अनुवादकाला नववा एपिसोड माहीत नसतो, म्हणून तिसऱ्यात काय हातचं राखून ठेवायचं ते कळत नाही. त्यात हिंदी, मराठी, तमिळ अनुवाद बहुधा थाईवरून होतच नाहीत, इंग्रजी सबटायटलांवरून होतात. सर्वनामं इंग्रजीत एकदा सपाट झाली की खालच्या सगळ्या भाषांना सपाटच मिळतात. मी हिंदीत तू-तुम-आप परत घालते, ते ऐकून. न ऐकता घातलं तर अंदाजपंचे. फॅनांनी केलेली सबटायटलं याबाबत बरेचदा उजवी असतात, कारण त्यांना वेळेची आणि ओळींची तमा नसते. पण तिथेही एखादा अतिउत्साही फी-नाँगचं व्याख्यान स्क्रीनभर लिहून नटाचा चेहराच झाकून टाकतो. तेव्हा “ऑफिशियल वाईट, फॅनचं चांगलं” असा निवाडा मी देणार नाही.

आता ‘बायको’. ‘सोटस’चा (२०१६) पहिला एपिसोड आठवा. आर्थित हा तिसऱ्या वर्षाचा, रॅगिंगचा म्होरक्या. इंजिनिअरिंगचा गिअर (सीनियरांनी ज्युनियरांना द्यायची शाखेची खूण) देणार नाही म्हणून दमदाटी करतो. पहिल्या वर्षाचा कोंगफोप शांतपणे म्हणतो की मग मी तुम्हाला माझी बायको करीन, बायकोचं ते नवऱ्याचंच असतं. इंग्रजीत हे नुसतं आगाऊ वाटतं. थाईत ऐका: आगाऊपणा आहेच, पण तो स्वतःला फोम म्हणतो आणि समोरच्याला फी. अदब पुरेपूर ठेवून केलेली आगळीक. साऱ्या सीनियरांसमोर त्याला बोलावं कशावरून, हेच आर्थितला सुचत नाही. सीनची ताकद तिथे आहे.

पण शब्द वापरलाय तो ‘मिया’. मिया आणि ‘फुआ’ हे बायको-नवऱ्यासाठीचे रांगडे, उघडेवाघडे शब्द. सभ्य शब्द आहेत ‘फनरया’ आणि ‘सामी’, म्हणजे आपले भार्या आणि स्वामी. सुरुवातीच्या बऱ्याच बीएलमध्ये दोघांपैकी एकाला ‘मिया’ ठरवून टाकायची खोडच होती, जणू दोन पुरुषांत एकाला बाईची जागा दिल्याशिवाय जोडी पुरी होत नाही. तुम्हाला खटकलं ते बरोबरच खटकलं, सबटायटलाचा त्यात दोष नाही. मलाही ते शिळं वाटतं, आणि थाई प्रेक्षकांतही त्यावर भरपूर टीका झाली आहे. मात्र कोण म्हणतंय ते बघा. मित्र चिडवताना म्हणतात, जोडीतला एक म्हणतो, की जोडीतला ज्याला म्हटलं जातंय तो स्वतः हसून म्हणतो, या तीन गोष्टी वेगळ्या. थायलंडच्या कायद्यानं या पेचातून वाट काढली आहे. २३ जानेवारी २०२५ ला समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला, त्यात दिवाणी संहितेतल्या नवरा-बायको या शब्दांच्या जागी ‘खू सोमरोत’ आलं. खू म्हणजे जोडी, आणि सोमरोत म्हणजे संस्कृतातलं समरस. एवढा सुरेख शब्द कायद्याच्या कलमात, आणि सिरीजवाले अजून मियावर अडलेले.

बाकीच्या देशांचं थोडक्यात. जपानी ‘चेरी मॅजिक’मध्ये (२०२०) आदाची आणि कुरोसावा एकाच ऑफिसातले, प्रेमात पडले तरी एकमेकांना आडनावानंच हाक मारतात. तिथे सलगी आडनावात नाही, ते उच्चारायच्या पद्धतीत शोधायची. कोरियनमधला ‘ह्यंग’ बराचसा फीसारखा. चिनी ‘द अनटेम्ड’मध्ये (२०१९) सेन्सॉरमुळे प्रेम हा शब्दच निघत नाही, म्हणून सगळा भार नावांवर पडतो. जग ज्यांना वेई वूश्यान आणि लान वांगजी या मोठेपणीच्या नावांनी ओळखतं, ते दोघं एकमेकांना वेई यिंग आणि लान जान म्हणतात, जन्मनावानं. शिवाय ‘जृजी’ हा शब्द येतो, मनातलं जाणणारा माणूस. सबटायटलमध्ये तो वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा दिसेल, कानाला तोच आहे.

थाई शिकायची का, याचं उत्तर: आवड असेल तर जरूर, पण यासाठी गरज नाही. मी काम सुरू करताना जे करते ते करून बघा. वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे एकाचं नाव, उजवीकडे दुसऱ्याचं. पहिल्या एपिसोडमध्ये कोण स्वतःला काय म्हणतो आणि दुसऱ्याला काय, ते लिहा. यूट्यूबवर एपिसोड बहुतेकदा तुकड्यांत असतात, त्यातला एक तुकडा सबटायटल बंद करून पुन्हा लावा आणि नुसतं कू, मुंग, फोम, फी, ख्रप ऐका. अर्थ कळायची गरज नाही. पुढे जिथे खाडाखोड करावी लागेल, तिथे एपिसोड आणि मिनिट टाका. माझ्या वह्यांत एका सिरीजला अशा पाचसहा खाडाखोडी असतात, आणि फॅन ज्या सीनवर चार दिवस बोलत राहतात, त्यातले निम्मे तिथेच सापडतात. जिथे काहीच लिहिता येत नाही, दोघंही सर्वनाम टाळताहेत, तिथे नुसती फुली मारा. ती जागा सोडू नका.

‘बॅड बडी’ लावण्याआधी तिच्या थाई नावावर एक मिनिट घालवा: ‘खॅ फुअन ख्रप फुअन’. खॅ म्हणजे फक्त, फुअन म्हणजे मित्र. “फक्त मित्र आहोत ख्रप, मित्रा.” दोस्ताशी बोलताना मध्येच ख्रप, म्हणजे खोटी अदब, चेहरा सरळ ठेवून मारलेली थाप. इंग्रजी नावात यातलं काहीही नाही. मी मराठीत याचे बरेच प्रकार करून पाहिले. सध्या “मित्रच आहोत हो, मित्रा” इथे थांबलेय. ‘हो’नं काम भागतंय असं मला वाटतं. मैत्रीण म्हणते, त्या ‘हो’त थाप ऐकू येत नाही. बारा एपिसोड संपले की तुम्हाला काय सुचतं ते इथेच लिहा.